वीजदराची जाहीर सुनावणी : ग्राहकाच्या बाजूने एक परीक्षण

ही सेवा फुकट आहे. वकील लागत नाही, हरकतीला शुल्क नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर कोणत्याही वीज कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेवर कोणीही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो आणि सुनावणीत उभा राहून बोलू शकतो. पाण्याची पट्टी, बसचं तिकीट, गॅसचा सिलिंडर, यांपैकी कशाचाही भाव ठरण्याआधी हिशेबाच्या वह्या अशा उघड्या करून लोकांना बोलावलं जात नाही. विजेच्या बाबतीत तसं बोलवावंच लागतं. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ ने ते बंधनकारक केलं आहे.

इथे दोन सेवांचं परीक्षण आहे. पहिली दरनिश्चितीची सुनावणी. दुसरी, वीज कंपनी किंवा तिची मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा आयोग देतो ती मंजुरी. लोक पहिलीकडे लक्ष देतात, दुसरीकडे नाही. दर मात्र खऱ्या अर्थाने दुसरीत ठरतो, कारण तिथे जी मालमत्ता ज्या किमतीला वहीत चढते, तिचा घसारा, व्याज आणि नफा पुढची वीस-पंचवीस वर्षं बिलातून जातो.

हिशेब कसा मांडलेला असतो

वितरण कंपनी आयोगाला सांगते की वर्षभर धंदा चालवायला आपल्याला इतके पैसे लागतील. याला वार्षिक महसुली गरज म्हणतात, बोलताना सगळे ‘एआरआर’च म्हणतात. त्यात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा. मग पारेषण आकार, देखभाल-दुरुस्ती आणि पगार, भांडवली कर्जावरचं व्याज, घसारा, भागभांडवलावरचा परतावा, खेळत्या भांडवलाचं व्याज, बुडीत बाकीची तरतूद, आयकर. त्यातून इतर उत्पन्न वजा होतं. उरलेला आकडा आणि चालू दराने मिळणारा महसूल यांतला फरक म्हणजे ‘तफावत’, आणि दरवाढीची मागणी म्हणजे ही तफावत भरून काढण्याची मागणी.

यातली वीजखरेदी वर्षागणिक खालीवर होते आणि वर्ष संपल्यावर ट्रू-अपमध्ये प्रत्यक्ष खर्चाशी ताडून बघितली जाते. मालमत्तेशी जोडलेले तीन आकडे, घसारा, व्याज आणि परतावा, तसे हलत नाहीत. एकदा मालमत्ता ‘जीएफए’मध्ये, म्हणजे स्थिर मालमत्तेच्या मूळ किमतीच्या वहीत, गेली की ती बाहेर काढणं जवळपास अशक्य. म्हणून हरकत घ्यायला वेळ थोडाच असेल तर तो या वहीवर घालवावा. युनिटमागे किती पैसे वाढले यावर बोलणारे खूप असतात आणि त्यांच्या म्हणण्यावर आदेशात बहुधा एक-दोन वाक्यं येतात. वहीतल्या एखाद्या नेमक्या ओळीवर बोट ठेवलं तर आयोगाला उत्तर द्यावंच लागतं.

सेवा वापरायची कशी

सुरुवात वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीने होते. ती मराठी आणि इंग्रजी दैनिकांत येते आणि हरकतीसाठी साधारण २१ दिवस मिळतात. नोटिशीत प्रकरण क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख, सुनावणीचं ठिकाण आणि चालू व प्रस्तावित दरांचा तक्ता असतो. या तक्त्याने पुष्कळांची दिशाभूल होते. तो वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात.

एक, चालू दरात इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधन आणि वीजखरेदीचा खर्च बदलल्यामुळे बिलात वेगळा लागणारा आकार, धरला आहे की नाही. तो धरून चालू दर फुगवला तर प्रस्तावित वाढ आपोआप लहान दिसते. दोन, नुसता वीज आकार बघू नये. वीज आकार आणि वहन आकार (वीज वाहिन्यांतून आपल्यापर्यंत आणण्याचा आकार) यांची बेरीज करावी, आणि स्थिर आकार दरमहा किती होतो तो वेगळा लिहावा. वीज आकार उतरवून वहन किंवा स्थिर आकार चढवला की १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला फटका बसतो आणि ५०० युनिटांवरच्याला तो फारसा जाणवत नाही. तीन, सरासरी वाढ किती वर्षांची आहे. बहुवर्षीय याचिका पाच वर्षांची असते. पहिल्या वर्षीची घट ठळक अक्षरांत आणि नंतरच्या वर्षांची वाढ तक्त्याच्या तळाशी, असं घडू शकतं. स्वतःचं मागच्या बारा महिन्यांचं बिल घेऊन दोन्ही दरांनी एकदा हाताने मांडलं की अर्ध्या तासात खरं चित्र समोर येतं.

मग कागद उतरवून घ्यायचे. कंपनीच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर मूळ याचिका, मराठीतला संक्षिप्त गोषवारा आणि एक्सेलमधले तक्ते ठेवलेले असतात. बहुतेक जण गोषवारा वाचून थांबतात. गोषवारा कंपनीने लिहिलेला असतो, त्यामुळे तिला जे सांगायचं तेच त्यात सापडतं. खरा माल दोन ठिकाणी असतो. एक्सेल तक्ते, कारण त्यांत आकडे कोणत्या सूत्राने आले ते पाहता येतं. आणि ‘डेटा गॅप’ची उत्तरं: आयोगाच्या अधिकाऱ्यांनी याचिका तपासताना विचारलेले प्रश्न आणि कंपनीने दिलेले खुलासे. हरकतीचा मुद्दा शोधायला याहून चांगली जागा नाही. जिथे आयोगाने एकच प्रश्न दोनदा विचारला आहे आणि उत्तर दोन्ही वेळा गोलमोल आहे, तिथे थांबावं.

हरकत आयोगाच्या संकेतस्थळावरच्या ई-पब्लिक कन्सल्टेशन या भागातून दाखल होते. मजकूर दोन पानांपेक्षा मोठा करू नये. वर प्रकरण क्रमांक, नाव, पत्ता, ईमेल. मग मुद्दे क्रमांकाने, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर याचिकेतला परिच्छेद किंवा तक्ता क्रमांक. शेवटी एक वाक्य हमखास हवं: ‘मला जाहीर सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे.’ हे वाक्य राहून गेलं तर सुनावणीच्या यादीत नाव येण्याची खात्री नाही. पोच क्रमांक जपून ठेवावा. कंपनीने हरकतीला लेखी उत्तर द्यायचं असतं. ते सुनावणीआधी हाती आलं तर बोलण्याचा अर्धा वेळ त्या उत्तरातल्या पोकळ जागा दाखवण्यात घालवावा, मूळ हरकत पुन्हा वाचू नये.

महावितरणच्या याचिकांवर अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे आणि नवी मुंबई अशा विभागवार सुनावण्यांची पद्धत पडली आहे. कोविडनंतर दूरदृश्य प्रणालीनेही सुनावणी होते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या ग्राहकाचा यामुळे मोठा फायदा झाला. पूर्वी विभागाच्या गावी जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडायची. तोटा असा की सभागृहात शंभर माणसं एका मुद्द्यावर उभी राहतात तेव्हा जे वजन पडतं, ते पडद्यावरच्या चौकटीत पडत नाही. बोलायला काही मिनिटंच मिळतात. त्यात भाषण करू नये. एक आकडा, तो कुठे आहे, तो का चुकीचा आणि त्याऐवजी काय हवं, एवढं पुरतं.

आदेश आला की त्यात आपला मुद्दा शोधावा. प्रत्येक विषयावर हरकतदाराचं म्हणणं, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असे तीन भाग असतात, आणि हरकतदारांची नावं परिशिष्टात. हा या सेवेचा सगळ्यांत चांगला गुण आहे. मुद्दा फेटाळला तरी कारण लिहून येतं, आणि पुढच्या याचिकेत त्याच कारणावरून पुन्हा उभं राहता येतं. वर्षानुवर्षं अशी चिकाटी धरली म्हणून काही मुद्दे मार्गी लागले आहेत. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या वापराचं उदाहरण घ्या. हा वापर अंदाजाने जास्त दाखवला की वितरण हानी तेवढी कमी दिसते आणि कार्यक्षमता चांगली ठरते. ग्राहक संस्थांनी हे लावून धरलं, आयोगाने स्वतंत्र कार्यगट नेमून वापर तपासून घेतला आणि नंतरच्या आदेशात आकडे बदलले.

कमी पडते कुठे

आदेश इंग्रजीत असतो आणि तो शेकडो पानांचा. ज्याने मराठीत हरकत घेतली त्याला उत्तर इंग्रजीत वाचावं लागतं. गोषवारा मराठीत, नोटीस मराठीत, आणि निकाल मात्र नाही, हे पटण्यासारखं नाही. निदान हरकतींवरच्या निर्णयाचं प्रकरण तरी मराठीत यायला हवं.

२१ दिवसही कमी आहेत. पाच वर्षांचे आकडे, मागच्या वर्षांचे ट्रू-अप आणि शेकडो तक्ते एवढ्या वेळात तपासणं पगारी सल्लागारांच्या चमूलाच जमतं. कायद्याने आयोगाला आदेशासाठी याचिका मिळाल्यापासून १२० दिवस दिले आहेत. त्यातले बरेच दिवस तांत्रिक तपासणीत जातात आणि लोकांच्या वाट्याला शेपूट येतं.

सगळ्यांत मोठी उणीव २०२५ मध्ये उघडी पडली. महावितरणचा २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचा आदेश २८ मार्च २०२५ रोजी आला. २ एप्रिलला आयोगानेच त्याला स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश निघाला आणि १ जुलैपासून त्यातले दर लागू झाले. ज्या आदेशासाठी लोकांनी नोटीस वाचली, हरकती लिहिल्या, सुनावणीत बोलले, तो काही दिवसांत बाजूला पडला. फेरविचारात सर्वसामान्य ग्राहकाचं म्हणणं कुठे ऐकलं, हा वादाचा मुद्दा झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फेरविचाराची कारणं तशी अरुंद असतात: नवा पुरावा, आदेशावर नजर टाकताच दिसणारी चूक, किंवा तसंच पुरेसं कारण. ज्या फेरविचाराने राज्यभराचे दर बदलतात त्यासाठी नवी जाहीर नोटीस काढावी आणि नवी सुनावणी घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. तोवर ग्राहकाने एक सवय लावून घ्यावी. आदेश आल्यावर काम संपलं असं समजू नये. पुढचे दोन-तीन महिने संकेतस्थळावरचं सुनावणीचं वेळापत्रक दर आठवड्याला पाहावं, आणि कंपनीची फेरविचार याचिका दिसली की आपलं म्हणणं ऐकण्याचा अर्ज लगेच द्यावा.

वर अपील करायचं तर विद्युत अपिलीय न्यायाधिकरण, ४५ दिवसांत, आणि शुल्क एक लाख रुपये. हे एका घरगुती ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्याच्यासाठी आयोगासमोरची सुनावणी हीच पहिली आणि तीच शेवटची.

मालमत्ता हातातून हातात जाते तेव्हा

कायद्याचं कलम १७ सांगतं की आयोगाच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही परवानाधारकाने आपला परवाना दुसऱ्याला देऊ नये किंवा आपला वीज उद्योग, अख्खा किंवा अंशतः, विकू अथवा भाड्याने देऊ नये. मंजुरीशिवाय केलेला करार रद्दबातल. परवानाधारक दुसऱ्याचा उद्योग विकत घेणार असेल तर त्या भागातल्या इतर परवानाधारकांना किमान एक महिन्याची नोटीसही द्यावी लागते. दाराला कुलूप भक्कम आहे. पण कलम ६४ मध्ये जनतेच्या हरकती विचारात घेण्याचं जे स्पष्ट बंधन आहे, ते कलम १७ च्या शब्दांत नाही. विक्रेता, खरेदीदार आणि शेजारच्या कंपन्या यांची सोय कायद्याने पाहिली, पैसे भरणाऱ्याची नाही.

महाराष्ट्रातला याचा सर्वांत मोठा दाखला मुंबई उपनगरांचा. १९२९ पासूनची बीएसईएस रिलायन्सकडे आली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरने मुंबईतला वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरणाचा धंदा अदानी ट्रान्समिशनला विकण्याचा करार केला. व्यवहार सुमारे १८,८०० कोटी रुपयांचा. सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं क्षेत्र, तीसेक लाख ग्राहक आणि डहाणूचा ५०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प. आयोगाची मंजुरी २८ जून २०१८ ला मिळाली, हस्तांतरण २९ ऑगस्ट २०१८ ला झालं आणि बिलावर अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबई हे नाव आलं.

अशा व्यवहारात ग्राहकाने विचारायचा पहिला प्रश्न: खरेदीदाराने मोजलेली किंमत दराच्या हिशेबात येणार, की मालमत्तेची मूळ किंमतच पुढे चालणार? फरक किती पडतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, मालमत्तेची मूळ किंमत १०० कोटी. नियमाप्रमाणे ७० कोटी कर्ज, ३० कोटी भागभांडवल. आतापर्यंत ३० कोटी घसारा बिलातून वसूल झाला आहे, आणि घसाऱ्याइतकी कर्जफेड धरायची पद्धत असल्यामुळे कर्ज ४० कोटी उरलं आहे. परतावा १४ टक्के, व्याज ९ टक्के, घसारा वर्षाला ५ टक्के धरू. ग्राहकावरचा वर्षाचा बोजा: परतावा ४.२० कोटी, व्याज ३.६० कोटी, घसारा ५ कोटी. एकूण १२.८० कोटी. आता खरेदीदाराने १३० कोटी मोजले आणि ते जसेच्या तसे वहीत घेतले. कर्ज ९१ कोटी, भागभांडवल ३९ कोटी. परतावा ५.४६, व्याज ८.१९, घसारा ६.५०. एकूण २०.१५ कोटी. तीच वायर, तोच खांब, तोच रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). बोजा मात्र वर्षाला ७.३५ कोटींनी जास्त. शिवाय ग्राहकाने आधी फेडलेले ३० कोटी पुसले गेले, म्हणजे तोच रोहित्र त्याने दोनदा विकत घेतला.

हे होऊ नये म्हणून दरनिश्चितीत मूळ किंमत धरायची आणि पुनर्मूल्यांकनाने फुगलेली रक्कम धरायची नाही, हे तत्त्व आहे. जादा मोजलेली रक्कम खरेदीदाराच्या ताळेबंदात राहावी, बिलात उतरू नये. हरकत घेताना नुसतं ‘आमच्यावर बोजा टाकू नका’ असं लिहून भागत नाही. मंजुरीच्या अटींत चार गोष्टी लेखी मागाव्यात: हस्तांतरणाच्या दिवसाची जीएफए, संचित घसारा आणि शिल्लक कर्ज हे आयोगाने शेवटच्या ट्रू-अपमध्ये मान्य केलेल्या आकड्यांइतकेच राहतील, व्यवहाराचा खर्च, म्हणजे सल्लागार, मुद्रांक, कर्जाची पुनर्रचना, दरात येणार नाही, ग्राहकांच्या सुरक्षा ठेवी व्याजासह नव्या कंपनीकडे जातील, आणि जुन्या काळातले परतावे व कोर्टातले दावे कोण देणार हे नावानिशी लिहिलं जाईल.

सुरक्षा ठेवीची बाब किरकोळ समजू नये. २०२१ च्या वीज पुरवठा संहितेनुसार दरमहा बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते. लाखो ग्राहकांची मिळून ती मोठी रक्कम होते, आणि खेळत्या भांडवलाची गरज काढताना ती वजा होते. हस्तांतरणाच्या नोंदीत ठेवींचा आकडा कमी लागला तर खेळत्या भांडवलाचं व्याज तेवढं वाढतं, आणि ते ग्राहकच भरतो.

दुसरी बारीक नजरेची जागा म्हणजे नियामक मत्ता. तफावत एकदम वसूल केली तर दर भडकेल, म्हणून आयोग ती पुढे ढकलतो, व्याजासह. उपनगरात असं बरंच साठलं होतं. कंपनी बदलून टाटा पॉवरकडे गेलेल्या ग्राहकांनाही जुन्या वर्षांच्या तफावतीचा आकार भरावा लागला. धंदा विकला जातो तेव्हा ही येणी कोणाची, आणि कोणत्या वर्षापर्यंतची, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात नियामक मत्तेला वेसण घातली: ती मंजूर महसुली गरजेच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, नवी तीन वर्षांत, आणि जुनी १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त सात वर्षांत संपवावी. हरकतीत आता या निकालाचा आधार घेता येतो. पण एक धोका आहे. जुनी तफावत ठरल्या वर्षांत संपवायची म्हणजे पुढची काही वर्षं दर वर जाण्याला कारण मिळालं. ‘नियामक मत्ता लवकर संपवा’ एवढंच मागणारी हरकत उलटी पडू शकते. आधी त्या रकमेतली अकार्यक्षमता वगळण्याची मागणी करावी.

सगळी हस्तांतरणं कलम १७ च्या दारातून जात नाहीत. ६ जून २००५ ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे चार भाग झाले, सूत्रधारी, निर्मिती, पारेषण आणि वितरण, ते कलम १३१ खाली. तिथे राज्य सरकार योजना अधिसूचित करतं, आणि मालमत्तेचं मूल्य शक्य तितकं तिच्या महसूल मिळवण्याच्या क्षमतेवरून ठरवायचं, असं कलमातच लिहिलं आहे. चंडीगडचं वीज वितरण १ फेब्रुवारी २०२५ ला ८७१ कोटी रुपयांच्या बोलीवर खासगी कंपनीकडे गेलं. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचं वितरण २०२२ मध्ये टोरेंटकडे गेलं. ओडिशातल्या चारही वितरण कंपन्या २०२० आणि २०२१ मध्ये टाटा पॉवरच्या ५१ टक्के मालकीच्या कंपन्यांकडे आल्या. त्या कलम २० च्या, म्हणजे परवाना रद्द झाल्यावर होणाऱ्या विक्रीने, आयोगाच्या देखरेखीखाली. गोव्यात अजून सरकारी वीज खातंच वितरण करतं आणि तिथल्या दरांवर संयुक्त विद्युत नियामक आयोगासमोर सुनावणी होते. चंडीगड, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव याच आयोगाखाली येत असल्यामुळे तिथले आदेश गोव्याच्या ग्राहकांनी वाचून ठेवण्यासारखे आहेत.

फ्रँचायझीला लोक खासगीकरण म्हणतात. मालमत्तेच्या दृष्टीने ते खरं नाही. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून टोरेंट वीज वाटते, बिल करते, वसुली करते, पण परवाना आणि जुन्या वाहिन्या महावितरणच्याच. दरही महावितरणचाच. गुंतवणूक फ्रँचायझी करते, म्हणून तिथे तपासायचं ते कराराच्या शेवटी त्या मालमत्तेचा मोबदला कसा मोजणार हे. औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे करार मुदतीआधी संपले, तेव्हा मालमत्ता आणि थकबाकीचा हिशेब जुळवणं हेच अवघड काम होऊन बसलं.

गल्लीतलं हस्तांतरण

शेवटी सर्वांत लहान, आणि सोसायट्या, कारखाने व बिल्डर यांना रोज भेडसावणारा प्रकार. नव्या जोडणीसाठी रोहित्र, केबल, आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे केबल जोडण्या-तोडण्याची पेटी) ग्राहकाच्या खर्चाने बसतात आणि मग कंपनीच्या जाळ्याचा भाग होतात. इथे आयोगाचं काम चोख आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या आकारांच्या आदेशाने सेवा वाहिनी आकार आणि तसली एकरकमी वर्गणी घेण्यावर बंदी आली. महावितरणचं अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये फेटाळलं. ग्राहकाने स्वतः परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेतलं तर कंपनी देखरेखीचे १.३ टक्के घेते.

वाद होतो तो ‘समर्पित सुविधा’ या शब्दावर. कचेरीत त्याला डीडीएफ म्हणतात. एकाच ग्राहकासाठी, किंवा एकाच वा लगतच्या आवारातल्या ग्राहकांसाठी असलेली वाहिनी म्हणजे समर्पित. तिचा खर्च ग्राहकाने करायचा, आणि करार संपल्यावर घसारा वजा जाता मूल्य मागायचा त्याला हक्क आहे. त्या वाहिनीवरून उद्या शेजारच्या प्लॉटला टॅप दिला की ती समर्पित राहत नाही आणि खर्चाचा प्रश्न नव्याने उघडतो. असा टॅप पडल्याचं लक्षात येताच फोटो, तारीख आणि खांब क्रमांक लिहून ठेवावा. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. मुदत गेली की चांगला दावाही दारातूनच परत येतो.

हस्तांतरणाच्या दिवशी पुढचे कागद एका फाइलमध्ये हवेत: मंजूर अंदाजपत्रक आणि ते कोणत्या योजनेखाली मंजूर झालं तो शेरा, १.३ टक्क्यांची पावती, विद्युत निरीक्षकाची चार्जिंग परवानगी, रोहित्राचा अनुक्रमांक व चाचणी अहवाल, एकरेषीय आराखडा, आणि कंपनीच्या अभियंत्याच्या सहीचा संयुक्त मोजणी व ताबा अहवाल. शेवटचाच कागद बहुतेकांकडे नसतो. पावसाळ्यात रोहित्र जळतो, कंपनी म्हणते ताबा घेतलेला नाही, सोसायटी म्हणते घेतला, आणि तोवर डिझेल जनरेटरचं बिल चालू राहतं. ताबा अहवालावर सही होईपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवून ठेवावं. सही मिळवण्याची घाई मग त्यालाच होते.

आणि याच फाइलचा दुसरा उपयोग दरसुनावणीत होतो. ग्राहकाच्या पैशाने किंवा सरकारी अनुदानाने झालेल्या मालमत्तेवर कंपनीला घसारा, व्याज आणि परतावा मागता येत नाही. याचिकेच्या एक्सेलमध्ये ‘ग्राहक अंशदान व अनुदान’ असा एक तक्ता असतो. वितरण कंपन्यांचं जाळं सुधारण्यासाठी असलेल्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत वितरण हानी कमी करण्याच्या कामांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. ते त्या तक्त्यात पूर्ण उतरलं आहे का, ते पाहावं. आपल्या भागातल्या पाच-सहा सोसायट्यांनी ताबा अहवाल एकत्र केले, रकमांची बेरीज केली आणि ‘आमच्या भागात इतक्या रकमेची मालमत्ता ग्राहकांनी दिली, ती या तक्त्यात कोणत्या वर्षी, कोणत्या ओळीत दाखवली आहे?’ असा एकच प्रश्न हरकतीत टाकला, तर कंपनीला ती ओळ दाखवावी लागते.